लहान स्वयंचलित गाडीचे हार्डवेअर: सुटे भाग, वीज आणि दक्षिणेकडे जातानाच होणारी एक गडबड

संत्रानगरीकर | ११ मे, रात्री ९:४५

मी नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. यंदा शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी पांढऱ्या पट्ट्यांमधून स्वतःची वाट स्वतः काढणारी, हातभर लांबीची गाडी प्रकल्प म्हणून केली. गुण मिळाले, परीक्षाही संपल्या, तरी गाडी मनासारखी चालत नाही म्हणून ही मुले सुटीतही माझ्याकडे येतात. सकाळी सहा ते साडेसात या वेळात आमच्या गच्चीवर चाचण्या चालतात. त्यानंतर गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. कोणते भाग वापरले, कोणते टाकून दिले आणि का, हे इथे सविस्तर लिहितो आहे, कारण याच वाटेने जाणारे आणखी कोणी असतील. शेवटी एक न सुटलेली अडचण आहे, तिच्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली गाडी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेल्या सामानाची होती: अ‍ॅक्रिलिकची पाटी, चार पिवळ्या बीओ मोटरी (खेळण्यातल्या गाडीला असतात तशा, गिअर असलेल्या), मोटरींना वीज सोडणारा एल२९८एन ड्रायव्हर, १८६५० मापाचे दोन लिथियम सेल आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’). दोन सेल एकापुढे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. पण एल२९८एन हा जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरांचा ड्रायव्हर असल्यामुळे एक अ‍ॅम्पिअरच्या आसपास सुमारे दोन व्होल्ट त्याच्या स्वतःच्या पोटातच जातात आणि हीटसिंक तापवण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग होत नाही. मुलांनी पायला लागणारी वीजही त्याच बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून घेतली होती. त्या बोर्डावरचा ७८एम०५ रेग्युलेटर अर्ध्या अ‍ॅम्पिअरचा, तर पाय ४ चा अधिकृत अ‍ॅडॅप्टर ३ अ‍ॅम्पिअरचा. गाडी जागची हलली की पायवरचा लाल दिवा डोळा मिचकावल्यासारखा विझे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाय पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

यात गंमत अशी की मल्टिमीटर त्या वेळीही ४.९ व्होल्ट दाखवत होता. दोन दिवस मुलांनी मेमरी कार्ड बदलले, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली, कॅमेऱ्याची पट्टी काढून घातली. मग प्रयोगशाळेतला जुना सीआरओ (क्षणाक्षणाचा व्होल्टेज पडद्यावर रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप) त्या पाच व्होल्टांवर लावला, तेव्हा मोटर सुरू होताच काही मिलिसेकंदांसाठी रेषा ४.३ पर्यंत खाली वाकलेली दिसली. पायची कमी दाबाची सूचना ४.६३ व्होल्टांखाली येते. मल्टिमीटर खोटे बोलत नव्हता, तो सरासरी सांगत होता. आणि संगणक सरासरीवर चालत नाही.

म्हणून दुसऱ्या गाडीत आधी वीज ठरवली, मग बाकीचे. सांगाडा रेडिओवर चालणाऱ्या १:१० मापाच्या तयार गाडीचा घेतला, ज्यात ब्रश असलेली मोटर, तिचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा नियंत्रक) आणि स्टिअरिंगचा सर्व्हो (चाके सांगितलेल्या कोनात वळवणारी मोटर) हे सगळे आधीच बसवलेले असते. बॅटरी दोन सेलांची लिथियम पॉलिमर. तिच्यातून दोन वाटा काढल्या: एक थेट ईएससीकडे, दुसरी ५ अ‍ॅम्पिअरच्या बक कन्व्हर्टरमधून (बॅटरीचा दाब ५ व्होल्टांवर उतरवणाऱ्या बोर्डातून) पायकडे. सर्व्होला ईएससीमधल्या बीईसीची (आतल्या छोट्या वीजपुरवठ्याची) वीज मिळते, पायची मिळत नाही. ग्राऊंड, म्हणजे विजेची परतीची तार, मात्र सगळ्यांचा एकच आहे, आणि तो बॅटरीपाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतो. मोटरचा प्रवाह पायच्या ग्राऊंडच्या तारेतून फिरणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

ईएससी आणि सर्व्हो या दोघांनाही एकच भाषा कळते: सेकंदाला ५० वेळा येणारा, १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा पल्स, ज्यात दीड मिलिसेकंद म्हणजे मध्य. हा पल्स पायच्या पिनवरून काढला तर लिनक्स दुसऱ्या कामात गुंतताच त्याची रुंदी हलते आणि चाके थरथरतात. त्यासाठी पीसीए९६८५ हा असे पल्स स्वतः काढणारा १६ वाहिन्यांचा बोर्ड मध्ये घातला. त्याच्या दोन वीजपिनांमध्ये मुलांचा हमखास गोंधळ होतो. व्हीसीसी ही चिपची वीज असून पायबरोबर वापरताना ती ३.३ व्होल्टच हवी, कारण बोर्डावरचे पुल-अप रोधक (डेटाच्या तारा वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) तिलाच जोडलेले असतात आणि तिथे ५ व्होल्ट दिले तर ते डेटाच्या तारांवरून थेट पायच्या पिनांपर्यंत पोचतात. व्ही-प्लस ही सर्व्होची वेगळी वीज. तिच्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यापासून सर्व्होची कुरकुर बंद झाली.

डोळे म्हणून १६० अंशांचा वाइड अँगल कॅमेरा जमिनीपासून २२ सेंटिमीटर उंचीवर, खाली झुकवून बसवला आहे. पुढे एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या इको पिनवर ५ व्होल्ट येतात आणि पायला ३.३ च सोसतात, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहम रोधकांचा विभाजक लागतो. हा विभाजक न लावल्याने आमच्या एका पायची एक पिन कायमची गेली आहे. नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. हा सेन्सर ध्वनीच्या वेगावर चालतो, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो वेग सेकंदाला ३४३ मीटर असा लिहून टाकलेला असतो. तो २० अंशांचा वेग आहे. ४५ अंशांना तो सुमारे ३५८ होतो, त्यामुळे एक मीटरवरची भिंत गाडीला ९६ सेंटिमीटरवर दिसते. उलट डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत तीच भिंत १०२ वर दिसेल. म्हणजे आपल्याकडे गाडी उन्हाळ्यात किंचित भित्री आणि हिवाळ्यात किंचित धाडसी असते. तापमान मोजणारा एक साधा सेन्सर जोडून आम्ही हा हिशोब सुधारला.

डाव्या मागच्या चाकाच्या आसावर २० खाचांची चकती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना ऑप्टिकल सेन्सर: एका बाजूला प्रकाश देणारा दिवा, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा फोटोट्रान्झिस्टर. प्रत्येक खाचेला एक पल्स मिळतो. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे परीघ २०४. दर पल्समागे गाडी १०.२ मिलिमीटर पुढे जाते. हे पल्स एक ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) मोजतो आणि ठरवलेला वेग टिकवण्यासाठी ईएससीला किती जोर द्यायचा ते पायला सांगतो.

आता अडचण. गाडीचा वेग सेकंदाला १.२ मीटर ठरवला आहे. कॉलेजच्या व्हरांड्यात ती तासभर बिनचूक चालते. गच्चीवर मात्र, दक्षिणेकडे जाणाऱ्या सरळ पट्ट्यात ती पट्टीच्या दोन्ही बाजूंना नागमोडी डोलू लागते आणि कधी कधी पट्टा सोडून कठड्याकडे धावते. उत्तरेकडे येताना काही होत नाही. मुलांनी दोन आठवडे नवी चित्रे गोळा करून न्यूरल नेटवर्क (कॅमेऱ्याचे चित्र पाहून स्टिअरिंग ठरवणारा प्रोग्रॅम) पुन्हा पुन्हा शिकवले. फरक शून्य.

तर्रीपोहे | ११ मे, रात्री ११:१०

सर, धागा उत्तम आहे, वाचनखूण साठवली. मी सॉफ्टवेअरचा माणूस असल्याने माझा पहिला संशय कॅमेऱ्यावर होता. पण सकाळचा सूर्य पूर्वेला असतो आणि गाडी दक्षिणेकडे जात असते, म्हणजे ऊन थेट भिंगात येत नाही. स्वतःची पुढे पडणारी सावली हेही कारण नसावे, कारण सावली पश्चिमेला पडेल. कॅमेऱ्याची चित्र ओळीओळीने टिपण्याची रोलिंग शटर पद्धत धक्क्यांमध्ये चित्र तिरके करते हे खरे, पण धक्के दोन्ही दिशांना सारखेच असणार. तेव्हा कॅमेऱ्याला मी सध्या तरी निर्दोष सोडतो.

तुम्ही मुलांना जेटसनच्या (पायहून ताकदवान अशा छोट्या संगणकाच्या) मागे लागू दिले नाही, याबद्दल मात्र विशेष अभिनंदन. दर वर्षी कोणी ना कोणी मला विचारते की पाय पुरेल का. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो यांनी ज्या न्यूरल नेटवर्ककडून खरी मोटारगाडी चालवून घेतली, त्याला मिळणारे कॅमेऱ्याचे चित्र अवघे ३० गुणिले ३२ बिंदूंचे होते. आज हौशी लोकांमध्ये रूढ असलेली डाँकी कार १६० गुणिले १२० च्या चित्रावर सेकंदाला २० वेळा निर्णय घेते, आणि ते काम पाय ४ सहज करतो. जेटसन नॅनोमध्ये १२८ गाभ्यांचा ग्राफिक्स प्रोसेसर आहे हे खरे. वस्तू, माणसे, फलक असे सगळे एकाच वेळी ओळखायचे असेल तर तो हवाच. पण त्याला पूर्ण ताकदीने चालवायला ५ व्होल्ट ४ अ‍ॅम्पिअर लागतात, म्हणजे ज्या विजेने तुम्हाला दोन दिवस रडवले तिचेच मोठे रूप.

पाय ५ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. त्याचा कॅमेऱ्याचा कनेक्टर लहान, २२ पिनांचा आहे, जुनी १५ पिनांची पट्टी त्यात बसत नाही. आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर ५ अ‍ॅम्पिअरचा आहे.

वैशाखवणवा | १२ मे, सकाळी ७:२०

मी गाड्यांच्या यांत्रिक बाजूचे काम करते, त्यामुळे मला पहिली शंका गच्चीवरच आहे. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून प्रत्येक गच्चीला उतार दिलेला असतो. तुमच्या गच्चीचे पाण्याचे तोंड दक्षिणेला आहे का? तसे असेल तर त्या दिशेने गाडी उतारावर असते. बऱ्याच ईएससीमध्ये ब्रेक लागण्याची रीत विचित्र असते, पुढे जाताना जोर कमी केला तरी गाडी नुसती घरंगळत राहते. वेग वाढला की तेच स्टिअरिंग जास्त परिणाम करते आणि डोलणे सुरू होते. १.२ मीटर वेगाने, कॅमेरा ते चाक हा सगळा उशीर १५० मिलिसेकंदांचा धरला, तरी निर्णय अमलात येईपर्यंत गाडी १८ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. वेग २ मीटर झाला तर ३० सेंटिमीटर. नेटवर्क तेच, पण गाडी दुसरीच.

स्टिअरिंगबद्दलही दोन गोष्टी. सर्व्होचे दाते प्लॅस्टिकचे असतील तर एका कठड्याच्या धडकेत ते जातात, धातूचे घ्यावेत. आणि वळणाची त्रिज्या आधी कागदावर काढावी: दोन आसांमधले अंतर भागिले चाकाच्या वळणकोनाचा टॅन. १:१० मापाच्या गाडीत हे अंतर २५.७ सेंटिमीटर असते असे धरले आणि चाक २५ अंश वळत असेल, तर त्रिज्या ५५ सेंटिमीटर येते. यापेक्षा लहान वळण पट्टीने आखून मग गाडीला दोष देणारी मुले मी पाहिली आहेत. बीओ मोटरींच्या गाडीला ही अडचण येत नाही, ती जागच्या जागी फिरते. पण म्हणूनच ती खऱ्या मोटारीसारखी वागतही नाही.

तुम्ही ब्रश असलेली मोटर ठेवलीत हे बरे केले. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर वेगात झकास असते, पण चालण्याच्या गतीला ती अडखळत, झटके देत निघते, आणि स्वयंचलित गाडीचे सगळे आयुष्य त्याच गतीत जाते.

पहिल्या_वर्षाचा | १२ मे, दुपारी १:३५

नमस्कार सर, मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्याकडे एल२९८एन आणि चार बीओ मोटरी आधीच पडून आहेत. सगळे टाकून १:१० ची गाडी घेणे परवडणार नाही. त्यातूनच काही शिकता येईल का? शिवाय लायडर (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) घ्यावा का?

संत्रानगरीकर | १२ मे, रात्री ८:५०

@वैशाखवणवा, पाण्याचे तोंड खरोखरच दक्षिणेला आहे. आपली शंका मला पटते आहे. उद्या पाणसळीने उतार मोजतो.

@पहिल्या_वर्षाचा, टाकून काहीही देऊ नकोस. ड्रायव्हर तेवढा बदल. टीबी६६१२एफएनजी हा मॉस्फेटचा (कमी व्होल्ट खाणाऱ्या नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरांचा) छोटा ड्रायव्हर दर वाहिनीला १.२ अ‍ॅम्पिअर सलग देतो आणि त्याच्यात व्होल्ट फारसे वाया जात नाहीत. एका वाहिनीवर दोनाऐवजी एकच मोटर लाव, म्हणजे दोन चाकांची गाडी कर आणि पुढे एक फिरते कॅस्टर चाक बसव. सेलांसाठी वेगळा बक कन्व्हर्टर घे. एलएम२५९६ च्या मॉड्यूलवर ३ अ‍ॅम्पिअर लिहिलेले असते, पण आपल्या उन्हाळ्यात त्याच्याकडून दोनाच्या वर अपेक्षा ठेवू नये. आरंभी पाय नकोच. एक ईएसपी३२ आणि खालच्या बाजूला इन्फ्रारेड सेन्सरांची पट्टी एवढ्यावर काळी रेघ पकडून चालणारी गाडी होते. फिरणारा लायडर खोलीचा नकाशा काढायचा असेल तेव्हा घे. स्वस्तातला लायडर लेझरच्या ठिपक्याची जागा पाहून अंतर काढतो; थेट उन्हात तो ठिपका दिसेनासा होतो, आणि काच त्याला भिंत वाटतच नाही.

मीटरवाले_काका | १३ मे, सकाळी १०:०५

चाळीस वर्षे विजेच्या मीटरांत घातल्यामुळे मल्टिमीटरवरची टीका मनाला लागली, पण ती रास्त आहे. साधा मीटर सेकंदातून दोन-तीनदाच मोजतो. सीआरओ नसेल तर ज्या मीटरमध्ये किमान-कमाल पकडणारे बटण असते तो वापरावा. काही मिलिसेकंदांचा खड्डा त्यालाही सापडेलच असे नाही, पण शंका घेण्याइतका पुरावा मिळतो.

बॅटरीबद्दल आपण कमी लिहिले आहे, म्हणून भर घालतो. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सावलीतच तेवढे तापमान असते. कूलर नसलेल्या खोलीत किंवा बंद मोटारीत चार्जर लावून निघून जाणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. चार्जिंग पहाटे करावे, गाडीतून काढल्यावर सेल अर्धा तास निवू द्यावा, आणि आठवडाभर वापर नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टांवर ठेवून द्यावा. ३ व्होल्टांखाली गेलेला सेल पुन्हा भरण्याचा मोह आवरावा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे ना? आपल्या वर्णनात तो दिसला नाही.

आता मूळ प्रश्न. उताराची शंका योग्य आहे. पण उतार असेल तर ईएसपी३२ ला वेग वाढलेला दिसायला हवा आणि त्याने जोर कमी करायला हवा. तुमच्याकडे नोंदी असतील. दक्षिणेकडे जाताना मोजलेला वेग आणि दिलेला जोर, दोन्ही आकडे कृपया इथे द्या. अंदाज त्यानंतर करू.

संत्रानगरीकर | १३ मे, रात्री १०:२०

काका, फ्यूज नव्हता. आजच बसवला. कान पकडले.

गच्चीचा उतार मोजला: एका मीटरला जेमतेम एक सेंटिमीटर. नोंदी उघडून पाहिल्या आणि मी गोंधळलो आहे. दक्षिणेकडच्या पट्ट्यात मोजलेला वेग १.२ वरून ०.७ पर्यंत खाली येतो, कधी ०.४. त्यामुळे ईएसपी३२ जोर वाढवत नेतो. मुलांनी हे आकडे आधीच पाहिले होते आणि ‘गच्चीवर मोटर दमते’ असा निष्कर्ष काढून मोकळी झाली होती. पण आज मी मोबाइलवर चित्रीकरण करून, फरशीवर मीटर-मीटरला खडूच्या खुणा करून वेग काढला, तर त्याच जागी गाडी सेकंदाला जवळजवळ २ मीटरने धावत होती. नोंदवही म्हणते गाडी रेंगाळते आहे. डोळे म्हणतात ती पळते आहे.

मीटरवाले_काका | १४ मे, सकाळी ६:४०

मग गाडी, उतार आणि नेटवर्क तिन्ही सुटले. तुमचा चाकाचा सेन्सर पल्स गाळतो आहे. १.२ मीटरला सेकंदाला सुमारे ११८ पल्स यायला हवेत. त्यातले निम्मेच पोचले की नियंत्रक समजतो गाडी मंद आहे, आणि जोर वाढवतो. जोर वाढला की गाडी खरोखर पळते, आणि ताईंनी सांगितलेले डोलणे सुरू होते.

पल्स का गळतात? सेन्सर डाव्या चाकावर आहे. गाडी दक्षिणेकडे तोंड करून चालते तेव्हा तिची डावी बाजू पूर्वेला असते. सकाळी साडेसहाचे ऊन जवळजवळ आडवे येते. तुमच्या सेन्सरचा फोटोट्रान्झिस्टर इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, आणि सूर्याकडे इन्फ्रारेडची काय कमी आहे! ऊन थेट त्याच्या तोंडावर पडले की चकतीचा दाता आड आला काय किंवा खाच आली काय, तो उघडाच राहतो. दिवा लावलेल्या खोलीत दुसरा दिवा लुकलुकतो आहे की नाही हे कळत नाही, तसे.

हे माझे म्हणणे तपासायला सोपे आहे. आज संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवा. सूर्य पश्चिमेला असेल. माझे बरोबर असेल तर दक्षिणेकडे ती गुणी मुलासारखी चालेल आणि उत्तरेकडे येताना डोलेल. उतार कारणीभूत असेल तर दोष दक्षिणेलाच राहील.

तर्रीपोहे | १४ मे, सकाळी ९:१५

काका, दंडवत! सेन्सर उन्हात चळतो हे नागपूरला नवीन नाही. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे सांगून तो आकडा मागे घेतला. तेव्हा शेजारच्या केंद्रांचे आकडे होते म्हणून चूक उघडी पडली. गाडीत दुसरे केंद्र कुठे आहे? सर, एखादा एमपीयू६०५० (त्वरण आणि वळण मोजणारा सेन्सर) जोडलेला आहे का?

संत्रानगरीकर | १४ मे, रात्री ९:३०

काकांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. संध्याकाळी ६ वाजता दक्षिणेकडे दहा फेऱ्या निर्दोष. उत्तरेकडे दहापैकी आठ फेऱ्यांत गाडी डोलली. मग एका मुलाने गाडीबरोबर चालत तिच्यावर छत्री धरली. छत्री धरली की सरळ, काढली की नागमोडी. शेजारच्या गच्चीवरून आम्हाला पाहणाऱ्यांनी काय समजायचे ते समजून घेतले असेल.

लगेच काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा कापून सेन्सरवर टोपी बसवली, पण दोष निम्माच कमी झाला. तो तुकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, टीव्हीच्या रिमोटच्या दिव्याआड धरून पाहिला, तेव्हा उलगडा झाला: डोळ्यांना काळा दिसणारा तो प्लॅस्टिकचा तुकडा इन्फ्रारेडला बऱ्यापैकी पारदर्शक होता. आतून अ‍ॅल्युमिनिअमची चिकटपट्टी लावल्यावर दोष पूर्ण गेला.

@तर्रीपोहे, एमपीयू६०५० आहे, पण आम्ही तो फक्त वळणाचा कोन मोजायला वापरत होतो. त्याच्या त्वरणावरून वेग काढला तर चूक साचत जाते, त्यामुळे वेगासाठी तो एकटा उपयोगाचा नाही. मात्र ‘जोर वाढवला आणि मोजलेला वेग उलट घटला’ ही घटना अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकली तर गाडी थांबवायची, एवढे ईएसपी३२ मध्ये आता लिहिले आहे. पायकडून २०० मिलिसेकंद आज्ञा आली नाही तरी मोटर बंद होते. ते पहिल्यापासून होते.

वैशाखवणवा | १५ मे, सकाळी ८:००

उतार निर्दोष सुटला, याचा मला आनंदच आहे. टोपी हा तात्पुरता इलाज समजावा. गच्चीवरची धूळ त्या खाचांत बसली की हाच दोष घरातही दिसू लागेल. चाकाच्या आतल्या कडेला लहान चुंबके चिकटवून समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावला तर ऊनही नको आणि धूळही नको. फक्त तो मोटरपासून दूर ठेवा, मोटरमध्येही चुंबके असतात. आणि रेडिओचा रिमोट फेकून देऊ नका; एक वाहिनी माणसाच्या हाती राखून ठेवा, जिचे बटण दाबताच ईएससीला मधला पल्स जाईल. कठडा जवळ असताना चपळ मुलावर विसंबू नये.

संत्रानगरीकर | १५ मे, रात्री ९:१०

मान्य. हिशोब करून पाहिला: चाकावर आठच चुंबके बसतील, म्हणजे दर पल्समागे १०.२ ऐवजी २५.५ मिलिमीटर. सेकंदाला ४७ पल्स. एवढ्या थोड्या पल्सवर वेग स्थिर राहील का, ही शंका आहे.

मीटरवाले_काका | १५ मे, रात्री ९:४५

ठरावीक वेळात किती पल्स आले ते मोजू नका. दोन पल्सांमध्ये किती मायक्रोसेकंद गेले ते मोजा. घरातल्या मीटरचा दिवा किती वेळाने लुकलुकतो यावरून आम्ही भार काढत असू, तीच रीत. चुंबके अगदी समान अंतरावर बसणार नाहीत, म्हणून शेवटच्या आठ अंतरांची, म्हणजे चाकाच्या पूर्ण एका फेऱ्याची सरासरी घ्या. आठांपैकी एक चुंबक उलटे चिकटले तर तो पल्सच येणार नाही, कारण साधे हॉल सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतात. चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या एका बाजूला पेनाने खूण करा.

संत्रानगरीकर | १५ मे, रात्री १०:०५

खुणेचे आठवणीत ठेवतो. मंगळवारी मुलांना घेऊन बर्डीवर जातो आहे. ६ मिलिमीटरची चुंबके मिळाली तर नवतपा लागायच्या आत जोडणी पूर्ण होईल, नाहीतर पुढच्या चाचण्या व्हरांड्यात. आकडे इथेच टाकेन.